भाग चार, नऊ मिनिटं बारा सेकंद

"छापलेल्या पुस्तकात चूक राहिली तर आपण ती पुढच्या आवृत्तीत सुधारतो. लोकांच्या घरात शिरून त्यांची प्रत बदलत नाही. तू बदलणार आहेस, तर आधी निदान दार तरी वाजव," असं आमच्या मुद्रितशोधक ताई मला म्हणाल्या होत्या. मी ते हसण्यावारी नेलं. ताईंचा पेन्सिलीशिवाय कशावरच विश्वास नाही असं आमच्याकडे सगळेच म्हणतात, आणि त्या दिवशी मी घाबरलेली होते.

आमची प्रकाशनसंस्था म्हणजे दोन खोल्या आणि पाच माणसं. मी नवी होते तेव्हा एक पुस्तक निघालं की त्याचं नाव, पानं, मुखपृष्ठ, चार ओळींचा परिचय, सगळं चौदा दुकानांच्या चौदा वेबसाइटवर हातानं भरावं लागायचं. लेखिकेच्या नावात चूक झाली की ती कुठे कुठे झालीय हे शोधण्यात आठवडा जायचा. मी म्हटलं, आपण एपीआय वापरू. प्रकाशकांना आम्ही दादा म्हणतो. दादांनी चष्मा कपाळावर चढवला.

"हे नेमकं असतं काय?"

"खिडकी समजा. आपल्या कॉम्प्युटरनं दुकानाच्या कॉम्प्युटरकडे ठरलेल्या शब्दांत मागायचं, त्यानं ठरलेलं तेवढंच द्यायचं. आत कोणी शिरायचं नाही. माहिती एकदा इथे भरली की सगळ्या खिडक्यांमधून आपोआप जाते."

"म्हणजे तिकिटाच्या खिडकीसारखं."

"हो, फक्त रांग नाही."

"आणि भांडायची सोय?"

"तीही नाही."

"मग कसली मजा," असं म्हणून दादांनी परवानगी दिली.

आठवड्याचं काम अर्ध्या तासावर आलं. गोदामात पडून असलेली जुनी पुस्तकं कुठल्या कुठल्या वाचकांना सापडायला लागली. त्यातलंच एक पुलांवरचं पुस्तक. पूल कसे बांधतात, का पडतात, असं. वाचनालयांच्या एका ॲपनं ते ऐकण्यासाठी मागितलं. आवाज माझाच. घरी कपाटात दोन रजया टांगून, ठकीला तिच्या बाबाच्या ताब्यात देऊन, मी ते वीस दिवसांत वाचून काढलं. ठकी म्हणजे माझी मुलगी, तेव्हा साडेतीन वर्षांची.

ॲपच्या खिडकीतून रोज उलट आमच्याकडे हिशोब यायचा: कोणता भाग, किती वाजता, कुठपासून कुठपर्यंत ऐकला. ऐकणाऱ्याचं नाव नाही, नुसता नंबर. काहींना समोरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवरून घरात माणसं किती ते ओळखायची खोड असते, तशी मला या याद्या वाचायची लागली. त्यात चव्वेचाळीस-सतरा नंबर दिसला. रोज दुपारी अडीच. रोज भाग चार, सुरुवातीपासून. दहा मिनिटं झाली की बंद. रविवारसुद्धा. पूर्ण पुस्तक कधी नाही, पाचवा भाग कधी नाही.

"झोप लागत असेल," नवरा म्हणाला. "तुझ्या आवाजानं मलाही लागते."

"झोप काय रोज दहाव्या मिनिटाला लागते?"

"अगं, मग पुढचं आवडत नसेल. कशाला डोकं खातेस."

मला राहवेना. मी हेडफोन लावून भाग चार ऐकला. कमानीतला शेवटचा दगड कसा बसवतात ते मी सांगतेय, आणि बरोबर नऊ मिनिटं बारा सेकंदांनी, माझ्या मागे, कपाटाच्या बाहेरून, स्पष्ट: "आई, आता पाणी पी."

ठकी. वाचून वाचून माझा घसा कोरडा पडायचा म्हणून तिच्या बाबानं तिला ते शिकवलं होतं. इतक्या जणांनी तपासलं, कोणाच्या कानाला ते लागलं नाही. मला तर रोज घरात तेच ऐकायची सवय.

मी हेडफोन काढून ठेवला. म्हणजे कोणीतरी अनोळखी माणूस रोज माझ्या पोरीचा आवाज ऐकायला येतो. ऐकून झाला की बंद करतो. मी कोणकोणत्या बातम्या आठवल्या ते लिहीत नाही.

ताईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "रोज अडीचला म्हणजे वेळ पाळणारं माणूस आहे. काहीतरी कारण असेल. आधी विचारून बघ."

"कोणाला विचारू? नुसता नंबर आहे."

"मग थांब चार दिवस."

"तुमची नात असती तर थांबला असता?"

त्यावर त्यांनी ते दार वाजवण्याचं ऐकवलं. मी तेवढा तुकडा कापला, नवी फाइल चढवली आणि बटण दाबलं. चार मिनिटांत बासष्ट वाचनालयांतून ठकीचा आवाज गेला. घरी येऊन तिच्या केसांत नाक खुपसून बसले. ती म्हणाली, "आई, गुदगुल्या."

दुसऱ्या दिवशी अडीचला मी यादी उघडून बसले होते. चव्वेचाळीस-सतरा आला, की आली. दहा मिनिटं ऐकलं. मग परत नऊवर. परत दहा. परत आठ मिनिटं पन्नास. असं सात वेळा. उशाशी ठेवलेला चष्मा चाचपडून शोधावा तसं. त्याच्या पुढच्या दिवशी पाच वेळा. तिसऱ्या दिवशी अख्खा भाग, चाळीस मिनिटं, शेवटपर्यंत. मग चौथ्या दिवशी कोणी नाही. पाचव्या दिवशीही नाही.

सुटले म्हणायला हवं होतं. पण ज्याला वाईट हेतूनं यायचंय तो असा शोधत बसेल का, हे मनातून जाईना. त्या नंबरचं आणखी काही कुठे आहे का म्हणून मी सगळं उपसलं आणि शेवटी तक्रारींपाशी पोचले.

तक्रारीसुद्धा एका खिडकीतूनच येतात. त्यांची सोय मीच लावली होती. ज्या भागाची नवी फाइल चढली आहे त्याच भागाबद्दल तक्रार असेल, तर यंत्रणा स्वतःच उत्तर पाठवते आणि तक्रार मिटवून टाकते. कोणाला काही वाचायला लागत नाही. या सोयीबद्दल दादांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं होतं. मिटलेल्या ढिगात ती होती. फोनला तोंडी सांगून लिहिलेली असावी, कारण विराम एकही नव्हता.

"भाग चार नऊ मिनिटं मुलगी पाणी पी म्हणायची ती गेली आहे रेडिओ संपला की लावायचं ती बोलली की दुपारची गोळी व्हायची घड्याळ आता दिसत नाही तिला परत बोलवा"

आणि खाली आमचं उत्तर. "आपण कळवलेली त्रुटी नव्या ध्वनिमुद्रणात दूर करण्यात आली आहे. धन्यवाद."

ताईंनी माझ्या खांद्यावरून ते दोनदा वाचलं. एकही विराम सुचवला नाही. मीच म्हटलं, "बोला ना काहीतरी."

"बोलायचंय काय त्यात. परत घाल तिला."

जुनी फाइल चढवायलाही चारच मिनिटं लागली. अडीच वाजले, तीन वाजले. यादीत इतर सगळे होते.

ॲपच्या कंपनीला फोन केला. पलीकडची मुलगी फार गोड बोलत होती. "मॅडम, नाव आमच्याकडेही नसतं. कार्ड वाचनालयाकडे असतं."

"कोणत्या?"

"ते सांगता येत नाही."

"मला नाव नकोय हो. कोणीतरी जाऊन बघा, एवढंच म्हणतेय."

"तसा पर्याय आमच्याकडे नाही, मॅडम." मग आवाज खाली करून, "तुम्ही मला लिहून द्या. मी बासष्टच्या बासष्ट वाचनालयांना पाठवते."

एकोणीस वाचनालयांनी आजवर उत्तर दिलं. आमच्याकडे असं कोणी नाही, असं. उरलेल्यांची वाट पाहतेय. नवरा म्हणतो, एखाद्या भाच्यानं फोनमध्ये गजर लावून दिला असेल, तू उगाच जीव टांगणीला लावतेस. तसं असेल तर त्याच्या तोंडात साखर पडो. आता आमच्याकडे फाइल बदलण्याआधी ऐकणाऱ्यांना सूचना जाते, जुनी हवी असेल तर जुनीच राहते, आणि तक्रारी रोज सकाळी ताई स्वतः वाचतात, पेन्सिल कानामागे ठेवून. ठकी विचारते, कोण हरवलंय?

तो नंबर दिसेनासा होऊन आज दहावा दिवस. म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्या जिन्यात, तुमच्या वरच्या मजल्यावर, तुमच्या नात्यात कोणी एकटं राहत असेल, दिसायला कमी झालं असेल, आणि दुपारी अडीचला त्यांच्याकडून एका बाईचा जरा घाईतला आवाज पुलांबद्दल बोलताना ऐकू येत असेल, आणि हल्ली येत नसेल, तर उद्यावर टाकू नका. जाऊन बघा, आणि विचारा, दुपारची गोळी झाली का.