हे हळूहळू जाईल

पालकांच्या पानावर 'ताईला विचारा' हे सदर सुरू झालं, त्या पहिल्या आठवड्यात वाचकांची मोजून दोन पत्रं आली, आणि त्यातलं एक कूकरची शिट्टी का वाजत नाही असं विचारणारं होतं. "पान कोरं सोडता येत नाही हो, ताई," संपादक म्हणाले. "तुमच्या घरात पोर आहे ना? मग पत्रांना काय तोटा?" यात कुणाचं काही बिघडणार नव्हतं. ताईनं तिथंच बसून पत्र लिहिलं, की माझी आठ वर्षांची मुलगी पेन्सिली कुरतडते, काय करू. खाली 'एक काळजीत पडलेली आई' अशी सही केली आणि मग स्वतःच त्याला उत्तरही लिहिलं. उत्तर जरा कोरडं वाटलं म्हणून शेवटी एक ओळ जोडली: 'स्वतःला दोष देऊ नका. हे हळूहळू जाईल.' संपादकांना ती ओळ इतकी आवडली, की पुढं ती सदराची खूणच होऊन बसली.

मुलीला घरात सगळे टकळी म्हणत. सकाळी डोळे उघडायच्या आधी ती तोंड उघडते, असं तिचे बाबा सांगत. पण ते बोटीवर कामाला, चार-चार महिने घरी नसत, त्यामुळं ती सगळी बडबड एकट्या ताईच्या वाट्याला येई. पत्र सोमवारी छापून आलं, आणि त्याच संध्याकाळी ताईला दिसलं, की दप्तरातल्या नव्या पेन्सिली अख्ख्या आहेत. तिला हसूच आलं. दिव्याखाली अंधार म्हणतात, इथं दिव्याखालीही उजेड पडला होता.

मग ताईला चटकच लागली. टकळी पाहुण्यांना घरातलं सगळं सांगते. 'तुम्हाला बघून आईनं कपाळाला हात लावला' असं सांगून मोकळी होते. दिवा मालवला की रडते. कपाटात हत्ती राहतो अशा थापा मारते. एकेक गोष्ट छापून येई, आणि त्याच दिवशी घरातून जाई. शेजारणी म्हणत, पोर किती शहाणी झाली गं. एका दुपारी कपाट लावता लावता ताईनं सहज विचारलं, "काय टकळे, हत्ती काय म्हणतोय?" टकळी उठली, कपाटात नीट डोकावून बघून आली, आणि म्हणाली, "आई, इथं कपडे आहेत." ताईनं कपाटाचं दार लावून टाकलं.

इथंच थांबायला हवं होतं. हे तिला तेव्हाही कळत होतं, आणि पुढं तिला खात राहिलं ते हेच. कळलंच नसतं तर ती सुटली असती. पण त्या आठवड्यात पान पुन्हा कोरं होतं, आणि रोज सकाळी ऑफिसला निघताना टकळी दारात तिच्या पिशवीचा बंद धरून बसायची, "एकच, एकच गोष्ट सांगते" म्हणत दहा मिनिटं खायची, आणि ताईला रोज उशीर व्हायचा. ही शेवटची, असं मनाशी म्हणत तिनं तेही लिहिलं. मंगळवारी ती अगदी वेळेवर निघाली. दारात कुणी नव्हतं. आत टकळी वहीला कव्हर घालत होती. मान वर करून ती "नीट जा" म्हणाली.

बाबा सुट्टीवर आले, त्यांनी तिला उचलून गुदगुल्या केल्या. "नको बाबा, तुम्ही दमून आलाय," ती म्हणाली. "ही आपलीच टकळी ना गं?" बाबांनी थट्टेनं विचारलं. बोटीवर परत जायच्या दिवशी त्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा त्यात थट्टा नव्हती. "मोठी होतेय," ताई म्हणाली, आणि त्यांच्याकडे पाठ करून पातेलं घासत राहिली. पातेलं मघाशीच घासून झालं होतं.

ते गेल्यावर तिनं सगळे खण उपसले आणि तळातून एक जुनी पेन्सिल काढली, चावून चावून चोथा झालेली. तेवढी एकच उरली होती. मग एक नवी पेन्सिल टकळीपुढं धरून ती म्हणाली, "चाव ना. मी काही बोलणार नाही." टकळीनं तिच्याकडे पाहिलं, आईला वाईट वाटू नये म्हणून पेन्सिल दातांत धरली, आणि थोड्या वेळानं विचारलं, "आता काढू?"

त्या आठवड्यात ताईनं पहिल्यांदा खरं पत्र लिहिलं. मी माझ्या मुलीची एकेक गोष्ट छापली आणि ती नाहीशी झाली. मला कळत होतं, तरी मी लिहीत राहिले. आता माझं मन मला खातं, घास उतरत नाही, काय करू? उत्तरात तिनं लिहिलं, की या बाईचं मन असंच खात राहू दे. तिची मुलगी कशी होती हे धरून ठेवणारं दुसरं काही आता उरलेलं नाही. नेहमीची ओळ तिनं मुद्दाम गाळली, आणि गाळली आहे ना, हे तीनतीनदा बघितलं.

रविवारी संपादकांचा फोन आला. "जरा वेगळंच पत्र आहे, पण चालेल. आणि ताई, तुमची ती ओळ राहिली होती बरं का. मी घातली."

"काढा ती," ताई म्हणाली.

"आता कशी काढणार? पान छापायला गेलं. अहो, त्या ओळीसाठीच तर लोक वाचतात."

उरलेला दिवस ती टकळीशेजारी बसून राहिली, मुठीत ती चावलेली पेन्सिल धरून, मनात पुन्हा पुन्हा घोकत: हत्ती, पिशवीचा बंद, कपाळाला हात.

सोमवारी सकाळी छान ऊन पडलं होतं. किती दिवसांनी ताईला मोकळं वाटत होतं, भूकही लागली होती. चहा पिता पिता तिनं पान उघडून पत्र वाचलं. "काय एकेक आया असतात," असं म्हणून तिनं कागदाची घडी घातली. समोर टकळी हाताची घडी घालून बसली होती. टेबलावर एक चावलेली पेन्सिल पडली होती. ताईनं ती दोन बोटांत धरून उचलली.

"शी, ही कुणाची गं?"

"माहीत नाही," टकळी म्हणाली.

ताईनं पेन्सिल केराच्या डब्यात टाकली, आणि साबण लावून हात स्वच्छ धुतले.