गोडी राहिलेली बाटली

माझं नाक वाकडं आहे. दादाने लहानपणी दाराच्या चौकटीवर आपटून ते मोडलं. पण वास ते सरळ घेतं, म्हणून तर बिअरच्या स्पर्धेत मला परीक्षक म्हणून बोलावतात.

त्या दिवशी टेबलावर बेल्जियन पद्धतीच्या सेझाँ होत्या. ही बिअर कोरडी ठणठणीत हवी. फेस दांडगा, वासाला मिरी आणि संत्र्याची साल, आणि घोट गिळल्यावर जिभेवर गोडाचा मागमूस नको. आम्ही तिघं परीक्षक होतो: मी, एक हॉटेलवाली आणि आमचा मुख्य, ज्याला पाठीमागे सगळे टकलू म्हणतात. बाटल्यांवर नुसते आकडे. कोणती कोणाची हे कळायचं नाही, आणि कळलंच तर त्या परीक्षकाने उठून जायचं, असा नियम.

सात नंबरचं झाकण उघडलं आणि अर्धी बिअर फेसासकट टकलूच्या मांडीवर आली. हॉटेलवाली खो खो हसली. उरलेली मी ग्लासात घेतली, हुंगली, आणि पुन्हा एकदा हुंगली. ती मिरी मी ओळखते. ते आमच्या बाबांचं यीस्ट होतं, आणि बाबांच्या मागे ते फक्त दादाकडे आहे. म्हणजे बिअर दादाची.

घोट घेतला. शेवटाला गोडी राहिली होती.

"काय गोलाई आहे हो!" हॉटेलवाली म्हणाली. "माझ्याकडून हीच पहिली."

त्या यीस्टची एक खोड आहे. निम्म्यावर येऊन ते रुसतं. साखर शिल्लक असते, पण पिंप गप्प होतं आणि उतावळ्याला वाटतं, झालं काम. बाबा अशा वेळी पिंपाला घोंगडी गुंडाळून आठवडेच्या आठवडे थांबायचे. घरात चहाला उशीर झाला तर कप भिंतीवर फेकणारा हा माणूस यीस्टपुढे मात्र गरीब गाय. कारण एकदा त्यांनीही घाईने बाटल्या भरल्या होत्या. ऊब मिळताच यीस्ट बाटलीत जागं झालं, उरलेली साखर खाऊन वायू सोडायला लागलं, काच फुटली आणि बाबांचा डावा डोळा गेला. तेव्हापासून आई कायम त्यांच्या डाव्या बाजूला बसायची. आम्हाला वाटायचं, वाढायला सोयीचं पडतं म्हणून.

आता दादाने तीच घाई केली होती. त्याचे बाकीचे क्रेट मागच्या खोलीत हीटरला लागून रचलेले मी सकाळीच पाहिले होते. त्यांच्या मधोमध वहिनी बाटल्यांना लेबलं चिकटवत बसली होती.

"ही माझ्या भावाची बिअर आहे," मी उठले. "बाटल्या फुटणार आहेत. मागची खोली रिकामी करा."

टकलू मांडी पुसत होता. "ओळखलीत ना? मग बसा बाहेर. तुमचं मत आता धरता येणार नाही."

"मत गेलं खड्ड्यात! तिकडे माणूस बसलंय!"

"बाई, भावाबहिणीचं भांडण घरी."

मी ग्लास त्याच्या कोरड्या राहिलेल्या मांडीवर ओतला आणि पळाले.

मागची खोली भट्टीसारखी तापली होती. वहिनी जमिनीवर, तिन्ही बाजूंनी क्रेट. तिचा गाल काळानिळा झाला होता.

"वहिनी, ऊठ. आधी बाहेर चल."

"गोड लागतेय ना?" ती हळूच म्हणाली. "मी यांना सांगितलं होतं." तिचा हात गालाकडे गेला.

"मग बसलीस कशाला इथे?"

"उठले तर काय होतं, ते तुला माहीत नाही का?"

तेवढ्यात दारात दादा. "परीक्षकीणबाई इकडे कशा? नाकाने कांदे सोलून झाले वाटतं?"

"दादा, यीस्ट रुसलं होतं. तू थांबला नाहीस. बाटल्या फुटतील, हिला बाहेर जाऊ दे."

"जळतेस तू. बाबांनी कारखाना मला दिला, म्हणून अजून जळतेस."

मी वहिनीचं मनगट धरून ओढलं. त्याने माझे केस धरले आणि डोकं भिंतीवर आदळलं. मी त्याच्या हाताला कडकडून चावले. तोंडात रक्ताची चव आली आणि मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? त्याने पोटात गुडघा घातला. हाताला लागलेलं स्टूल मी त्याच्या नडगीवर हाणलं. तो लंगडत पुन्हा आला तेव्हा वहिनी मध्ये पडली.

"तिला नका मारू!"

त्याने सगळा हात फिरवून तिला फटका मारला. ती माझ्यावर कोसळली आणि आम्ही दोघी जमिनीवर आडव्या झालो. मला उठताच येईना. दादाने क्रेटमधून एक बाटली उचलली.

"फुटते काय? फुटते काय? ही बघ!" आणि तोंडासमोर धरून ती खसाखसा हलवली.

बाटली फुटली. त्यामागोमाग क्रेटमधल्या एकामागून एक फुटत गेल्या. काचा आमच्या डोक्यावरून जाऊन भिंतीत घुसल्या. खाली पडलो होतो म्हणून आम्ही वाचलो, त्याच्याच फटक्याने. दादा खाली बसला, चेहरा दोन्ही हातांनी दाबून ओरडत होता आणि बोटांमधून रक्त फेसात गळत होतं.

डावा डोळा वाचला नाही. दवाखान्यात टकलू दारापर्यंत आला, कुठे बघावं ते त्याला कळेना. "सात नंबरला पहिलं बक्षीस दिलंय," एवढं सांगून तो निघून गेला.

दादा पट्टीखालून हसला. "बघ. पहिली आली." मग वहिनीकडे वळून खेकसला, "पाणी मागितलं मघाशी. बहिरी झालीस का?" चादरीवर त्याची मूठ आवळली होती.

वहिनीने पाणी दिलं. त्याला झोप लागल्यावर तिने त्याच्या उजवीकडची खुर्ची आवाज न करता उचलली आणि पलंगाला वळसा घालून डावीकडे आणून ठेवली.

"इकडून तू त्याला दिसणार नाहीस," मी म्हणाले.

"इकडे हात उचलायचा तर त्याला आधी मान वळवावी लागेल," ती म्हणाली. "तेवढ्यात उठता येतं. सासूबाई सांगून गेल्यात."

मी माझी खुर्ची उचलली आणि तिच्या शेजारी नेऊन ठेवली.