शेवटून पहिली

वृंदाबाईंनी दगडाला टेकून पाचव्यांदा उजवा बूट काढला, उलटा करून आपटला आणि नसलेला खडा झाडून टाकला. मागे दहा पावलांवर विष्णू सरही थांबले. त्यांचा श्वास फळ्यावर खडू घासल्यासारखा खरखरत होता. तो शांत होईपर्यंत बाईंनी नाडीची गाठ दोनदा सोडली आणि दोनदा बांधली.

धाटावच्या कामगारांच्या मंडळाने ही डोंगरधाव भरवली होती. शनिवारी गड चढून पलीकडे उतरायचं, रविवारी तळ्याकाठी आराम. तरणी पोरं केव्हाच वर पोचली होती. सरांच्या छातीत दिवाळीत कळ आली, पेणच्या दवाखान्यात आठ दिवस काढले, आणि तेव्हापासून बाईंनी नवऱ्याला रोह्याच्या बाजारातही एकटं सोडलं नव्हतं. डॉक्टरांनी हळूहळू चालायला सांगितलं होतं. सरांनी त्यातलं चालणं तेवढं ऐकलं. धावता येत नाही तर नाही, म्हणून त्यांनी मंडळाच्या नाथाकडून शेवटच्या माणसाचं काम मागून घेतलं. सगळ्यांच्या मागून चालायचं आणि कुणी वाटेत राहिलं नाही ना ते बघायचं. नियम एकच, शेवटच्या स्पर्धकाला ओलांडायचं नाही.

तो नियम कानावर पडला आणि बाईंनी त्याच संध्याकाळी स्वतःचं नाव दिलं. या माणसाला समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. पण त्याच्या पुढे राहून त्याला हळू चालवणं जमण्यासारखं होतं. पन्नाशीची बाई साडीवर कॅनव्हासचे बूट घालून धावणार म्हणून शाळेत दोन दिवस हशा पिकला. हौसेला मोल नसतं, असं बाईंनी सगळ्यांना सांगितलं. सरांनाही तेच.

खरं तर त्यांना नुसती भीती वाटत होती. त्यामुळे पाय पुढे आणि कान मागे, असं त्यांचं चाललं होतं. धाप वाढली की बुटात खडा जायचा, नाहीतर पदर करवंदीत अडकायचा. वळून मात्र बघायचं नाही. सरांना संशय आला असता, तर हट्टाला पेटून ते नियमबियम गुंडाळून पुढे गेले असते.

गडाच्या पायऱ्यांशी सरांची धाप एवढी वाढली की बाईंना खडा, पदर काहीच सुचलं नाही. त्या मटकन खाली बसल्या. पुढे माथ्याजवळ पुन्हा तसंच झालं. दोन्ही वेळा चांगला पाव तास गेला.

तळ्याशी पोचले तेव्हा बाकीच्यांची जेवणं उरकली होती. नाथाने शिट्टी फुंकली.

"बाई, शेवटून पयला नंबर तुमचा. आता डोंगरावर कोन नाय."

पोरांनी टाळ्या पिटल्या. बाईही हसल्या. नवरा धडधाकट समोर उभा होता, मग कुणी काही का म्हणेना.

रविवारी सकाळी दोघं तळ्याच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसली. मंडळी पलीकडे मडक्यात भाजायच्या पोपटीसाठी वालाच्या शेंगा निवडत होती. बाईंचे गुडघे सुजले होते. सरांनी पंचा भिजवून त्यांच्या गुडघ्यांवर ठेवला.

"दुखतंय?"

"नाही हो. हौस केली की एवढं चालायचंच."

सरांनी पंचा पुन्हा भिजवून पिळला.

"पायऱ्यांशी तुझे पाय लटपटत होते. बस म्हटलं असतं तर बसली नसतीस."

"मग?"

"माझी धाप वाढली की तू थांबतेस, हे तोवर माझ्या लक्षात आलं होतं."

बाई त्यांच्याकडे वळल्या.

"म्हणजे त्या दोन्ही वेळा..."

"दमलो नव्हतो. नुसता आवाज काढला."

त्या अर्ध्या तासात बाईंनी सगळे देव पाण्यात ठेवले होते. त्यांना भयंकर राग आला. चांगलं सुनवायला म्हणून तोंड उघडलं आणि रडूच फुटलं.

"पुन्हा असं केलंत तर याद राखा," एवढंच त्यांना म्हणता आलं.

मग त्यांनी सरांच्या छातीवर हात ठेवला. शेंगा निवडणारी मंडळी माना वर करून बघू लागली, तरी त्यांनी तो काढला नाही.