फलक सुकेपर्यंत

दूरच्या गावावर संकट कोसळलं की जवळच्या गावात दयेला पूर येतो. भूकंपानंतरही तसंच झालं. चौकाचौकात मदतपेट्या आल्या, जो तो म्हणू लागला, "आमच्याकडेच द्या!" आणि फलक छापणाऱ्या दादाच्या छापखान्यात मशीनला श्वास घ्यायला फुरसत उरली नाही.

दादाची माणसं मनाची मोठी. एक दिवसाचा पगार भूकंपग्रस्तांना द्यायचा, हे त्यांनी आपणहून ठरवलं. अडलं एवढ्यावरच, की द्यायचा कुणाच्या हाती?

"त्यात विचार कसला करायचा?" दादा म्हणाला. "अध्यक्षसाहेबांच्या संस्थेला द्या. केवढं नाव आहे! शिवाय आपलं जुनं गिऱ्हाईक."

"बरोबर आहे. ज्याचा फलक मोठा, त्याचं पुण्य मोठं," मशीनवर बसणारे काका शाईचे हात पुसत म्हणाले.

"काका, टोमणे नंतर मारा, आधी शाई भरा!"

एवढ्यात दादाची धाकटी बहीण जेवणाचा डबा घेऊन दारात आली. भूकंपाचं गाव तिचं सासर. सासरच्या मातीनं घर गिळलं, नवरा गिळला आणि एकटीला माहेरच्या उंबऱ्यावर आणून टाकलं. आल्यापासून ती कामापुरतं बोलायची. आज मात्र संस्थेचं नाव ऐकून ती थबकली.

"ही संस्था आमच्याकडे आली होती, दादा."

"ऐकलंत काका?" दादा खुलला. "आली होती ना!"

"आली. आधी फलक बांधला. मग आम्हाला त्याच्याखाली बसवलं. रडू नका म्हणाले, फोटो खराब येतो. फोटो झाल्यावर औषधांची खोकी उघडली." तिनं डबा टेबलावर ठेवला. "पण मी औषध कुणाला देऊ? ज्याला हवं होतं, तो त्याच सकाळी गेला होता."

दादानं तिच्यापुढं स्टूल सरकवलं.

"भिंतीखालून काढला तेव्हा बोलत होता रे. शेजारच्या गावच्या नर्सबाई डोंगर उतरून चालत आल्या. त्यांचं छोटं मंडळ आहे, बारा महिने तिथंच राबतं. कुणाच्या घरी म्हातारं आहे, कुणाची सून पोटुशी आहे, सगळं त्यांना पाठ. जवळचं सलाईन संपलं, तेव्हा रात्रभर ओल्या कापडानं त्याचे ओठ भिजवत बसल्या. त्यांच्याकडे हात होते, औषध नव्हतं. साहेबांकडे औषध होतं, घाई नव्हती."

"रस्ते बंद असतील गं," दादा चाचरत म्हणाला.

"रस्ता उघडा होता. ड्रायव्हरच सांगत होता, बिचारा तोंड लपवत होता. म्हणाला, ताई, ट्रक आदल्या सकाळीच भरला होता. फलकावर साहेबांचा चेहरा काळपट आला, म्हणून पुन्हा छापायला लावला. तो सुकेपर्यंत आम्ही छापखान्यापुढं उभे."

काकांनी मशीन बंद केलं. दादाच्या तोंडचं पाणी पळालं. तो ट्रक त्याच्याच दारात उभा होता! 'घाई कसली? चेहरा उजळ यायला हवा!' असं त्यानंच छाती फुगवून म्हटलं होतं. बहिणीचं गावही भूकंपात सापडलंय, हे तेव्हा त्याला ठाऊक नव्हतं; आणि ट्रकवर काय लादलंय, हे विचारायचं त्याच्या मनातही आलं नव्हतं.

गप्प राहता आलं असतं. काका बोलले नसते. पण बहिणीच्या मोकळ्या कपाळाकडे पाहून त्याला राहवेना.

"धाकटे... तो फलक मी छापला."

ती त्याच्याकडे बघत राहिली. रडली नाही, ओरडली नाही. म्हणाली, "चेहरा फार सुंदर आला होता, दादा."

अरेरे! शिव्या दिल्या असत्या तर बऱ्या होत्या!

तेवढ्यात फोन वाजला. अध्यक्षसाहेबच होते. दुसरा ट्रक निघायचा होता, नवा फलक हवा होता, आणि या वेळी चेहरा जरा मोठा.

"साहेब, ट्रक आत्ताच्या आत्ता सोडा," दादा म्हणाला. "फलक मी छापणार नाही. आजही नाही, पुढंही नाही."

"वेडा झालास काय? दुसरे छापखाने ओस नाही पडलेत!" साहेबांनी फोन आपटला.

दादा बहिणीकडे वळला. "त्या नर्सबाईंचा नंबर आहे?"

तिनं नंबर लावून फोन त्याच्या हातात दिला.

"बाई, आम्हाला मदत पाठवायची आहे," दादा म्हणाला. "तुम्हाला काय हवंय?"

पलीकडून थकलेला आवाज आला, "हे विचारणारे तुम्ही पहिलेच. सलाईन हवं, जखमा बांधायच्या पट्ट्या हव्यात. आणि जमलं तर आजच."

कामगारांचा पगार त्याच दुपारी औषधं होऊन निघाला. गाडी दादानं स्वतः चालवली. बहीण शेजारी बसली. वाटभर एक शब्द बोलली नाही, आणि त्यानंही तो मागितला नाही.

बंधूंनो, भगिनींनो, दान देताना संस्थेच्या नावाचा आकार पाहू नका. संकटाच्या आधी तिथं कोण राबत होतं आणि कॅमेरे परतल्यावर कोण राहणार आहे, एवढं विचारा. आणि ज्याला द्यायचं, त्यालाच विचारा, बाबा रे, तुला काय हवंय? आपलं नाव उशिरा पोहोचलं, किंवा पोहोचलंच नाही, तर कुणाचं काही बिघडत नाही. पण उशिरा पोहोचलेल्या दयेच्या वाट्याला फक्त मेलेल्याचं तोंड येतं.