जीपची टायरं

संध्याच्या अंगणात जे उभं होतं त्याला जिम म्हणायचं धाडस एकट्या तिच्या भावानं केलं. बाकी सगळे भंगार म्हणायचे, आणि ते काही चूक नव्हतं. ट्रकच्या चाकांच्या दोन गंजलेल्या डिस्क, त्यांत काँक्रीट ओतून रोवलेले दोन खांब, खांबांना वेल्डिंग करून बसवलेले आकडे. आकड्यांवर आडवा गज आणि गजाच्या दोन्ही टोकांना ट्रकचे ब्रेकड्रम. शहागडला हायवेनं दुसरं काय दिलं ते ज्यानं त्यानं सांगावं, ब्रेकड्रम मात्र भरपूर दिले.

गज भावानं आणला होता. धम्मपाल जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात भट्टीपुढं उभा राहायचा आणि फक्त रविवारी घरी यायचा. बाकी सगळं मुबारकचाचांच्या गॅरेजातलं. "ट्रक रोकणारी चीज हाये बेटा ही," ड्रम देताना चाचा म्हणाले होते, "तू हिला उचलून दाखव." तिनं उचलून दाखवलं. एक एक ड्रम वाढत गेला. आरसे लावलेली, गाणी वाजणारी खरी जिम अंबडला होती. तिथं बायकांची वेळ नव्हती. मालक म्हणाला, पोरी येत नाहीत म्हणून वेळ ठेवली नाही. पोरी का येत नाहीत, तर वेळ नाही म्हणून. असल्या माणसाशी डोकं लावण्यापेक्षा गज बरा, तो निदान खोटं बोलत नाही, असं संध्याला वाटायचं.

तिला हवं होतं राज्याचं मेडल. मेडल आलं की सर्टिफिकेट, सर्टिफिकेट आलं की खेळाच्या कोट्यातून पोलीस भरती. ज्युनिअर गटातलं तिचं हे शेवटचं वर्ष. पुढल्या वर्षापासून मोठ्या बायकांत उतरावं लागणार होतं. त्या बायका रेल्वेत नोकरी करतात, त्यांना खुराक मिळतो, डॉक्टर मिळतो. हिला ज्वारीची भाकर मिळायची आणि कधीमधी मुबारकचाचांच्या घरची अंडी. वडील तातेराव अंकुशनगरला साखर कारखान्यात रोजंदारीवर होते. त्यांनी एकदाच सांगितलं होतं, "ह्या वर्षी मेडल आलं तर तुझं खरं. न्हाई आलं तर माझं खरं, मंग रडायचं न्हाई." त्यांचं खरं म्हणजे गेवराईकडचं एक स्थळ होतं.

खांद्यावर गज घेऊन खाली बसायचं आणि उठायचं, पॉवरलिफ्टिंगमधला पहिला प्रकार एवढाच; स्क्वॉट म्हणतात त्याला. पण वजन जड झालं की मागं धरायला माणूस लागतो, आणि घरात माणूस नव्हता. धम्मपाल जालन्याला, बाप अंकुशनगरला. आई प्रभावतीला गजाची नुसती भीती वाटायची. म्हणून धम्मपालनं दोन्ही बाजूंना ट्रकची दोन दोन टायरं एकावर एक रचून ठेवली. उठणं झालं नाही तर ड्रम टायरवर टेकतील, पोरगी चेंगरणार नाही.

मागच्या उन्हाळ्यात ती चेंगरलीच. तळाला गेली, उठता येईना, ड्रम टायरवर टेकले, पण गज पाठीवरून घरंगळून मानेवर आला आणि ती त्याच्याखाली दुमडली. प्रभावतीनं गज ओढून पाहिला, हलेना. ती तशीच अनवाणी गॅरेजकडं पळाली. मुबारकचाचा आणि कचरू क्लीनर येईपर्यंत संध्या जमिनीकडं बघत पडून होती. मानेवर निळा वळ उठला.

रविवारी धम्मपाल आला. वळ बघितला. गॅरेजला गेला, जीपची दोन जुनी टायरं गडगडत घेऊन आला, आणि दोन्हीकडच्या थरांवर एक एक ठेवलं.

"आता ह्याच्याखाली जायचंच न्हाई," तो म्हणाला. "टायरला टच झालं की वर. समजलं का?"

"बराबर खाली जाईन का पण मी?"

"जातीस की. टच झालं म्हंजी झालं."

तेव्हापासून थप्प असा आवाज आला की ती वर यायची. खाली, थप्प, वर. अंगाला तो आवाज इतका सवयीचा झाला, की तो आला की मांड्या आपोआप ताठ व्हायच्या. वजनही झपाट्यानं वाढलं. धम्मपाल फोनवर आकडे ऐकून कारखान्यातल्या पोरांना सांगायचा. वाढणारच ना. वीतभर कमी खाली जायचं म्हटल्यावर कुणाचंही वाढेल. पण हे सांगायला कुणी शिकलेला माणूस तिथं नव्हता. मोबाईलवरचे व्हिडिओ होते, आणि व्हिडिओ आपल्याला बघत नाहीत, आपण त्यांना बघतो.

जिल्ह्याच्या निवडीत कळायला हवं होतं. पण तिच्या वजनगटात अख्ख्या जिल्ह्यातून ती एकटीच. पंचानं विचारलं, "कोण दुसरी हाये का? न्हाई? मंग झालं," आणि नाव पुढं पाठवलं. पोरींच्या खेळाला एवढाच वेळ होता त्यांच्याकडं.

राज्याच्या स्पर्धेला धम्मपालला सुट्टी मिळाली नाही. संघाबरोबर मॅनेजर म्हणून कॉलेजचे एक सर आले होते. त्यांनी तिची पिशवी एका खुर्चीवर ठेवली आणि ते चहाला गेले ते गेलेच.

हॉल मोठा, दिवे पांढरे, गज चकचकीत. ड्रमऐवजी रंगीत गोल वजनं. संध्यानं पहिल्या खेपेला एकशे वीस किलो लिहून दिले. घरी हे वजन ती हसत घ्यायची. गज खांद्यावर आला तेव्हा तिला हसूच आलं, घरच्या गजासारखा टोचतच नव्हता तो. ती खाली गेली, आली. पायऱ्या चढल्यासारखं सोपं. गज ठेवून तिनं वर पाहिलं. तीन पंचांचे तीन लाल दिवे, खेप बाद.

तिला वाटलं, पाय हलला असेल. दुसरी खेप, तेच वजन. ती खाली गेली. अंग थांबलं जिथं थांबायचं तिथं. थप्प झालं नाही, पण मांड्यांना आवाजाची गरजच उरली नव्हती. वर आली. तीन लाल.

बाजूला दुसऱ्या जिल्ह्याच्या पोरींची कोच उभी होती. भावना मॅडम, गळ्यात शिट्टी, आवाज घोगरा. ती स्वतःहून जवळ आली.

"खाली जात नाहीयेस तू, बाळा."

"गेले ना."

"नाही गेलीस. कंबर गुडघ्याच्या खाली जायला पाहिजे. तू वरच्या वर फिरतेस. प्रॅक्टिस कशावर करतेस?"

"टायरवर."

"किती उंच टायर?"

संध्यानं हात धरून उंची दाखवली. मॅडमनं त्या हाताकडं पाहिलं आणि मान फिरवली. कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं.

"वजन कमी करून घेऊ का मी?"

"कमी करता येत नाही. एकदा लिहिलं ते लिहिलं. वर जाता येतं, खाली येता येत नाही." मग तिनं संध्याच्या खांद्यावर हात ठेवला. "एकच खेप राहिलीय. जा. बस पूर्ण. बसता येतंच की तुला."

बसता येतंच की. संध्या जन्मापासून बसत आली होती. चुलीपुढं उकिडवी, धुण्याच्या दगडापुढं उकिडवी, संडास नव्हता तोपर्यंत काटवनात उकिडवी. तिची आई कापूस वेचताना दिवसभर वाकायची आणि घरी आली की भांडी घासायला टाचांवर बसायची. तिच्या घरातल्या बायकांइतकं खाली ह्या हॉलमधलं कुणीच गेलं नसेल. आणि तिलाच सांगत होते, तू खाली जात नाहीस.

तिसऱ्या खेपेला ती खाली गेली. जिथं टायर असायचं तिथं अंग थांबलं. ती थांबली नाही. त्याच्या खाली गेली. तिथं काहीच नव्हतं. एवढं वजन घेऊन त्या वीतभर जागेत ती वर्षभर गेलीच नव्हती, तिथं तिचे पाय तिचे नव्हते. बसली, पूर्ण बसली, आणि तिथंच राहिली. उठायला जोर लावला तर जोर कुठून लावायचा तेच सापडेना. दोन्ही बाजूंची पोरं धावली, गज उचलून घेऊन गेली. मागं धरायला माणसं असतात म्हणजे कसं असतं, ते तिला तेव्हा कळलं. स्क्वॉटमध्ये तिन्ही खेपा गेल्या की पुढचे प्रकार खेळायलाच मिळत नाहीत. ती यादीतून बाहेर.

रात्री एसटीत धम्मपालचा फोन आला.

"काय झालं?"

"न्हाई झालं दादा. वजन जास्त लिहिलं मी."

"आगं, घरी तर तू..."

"इथं घाबरले. जाऊ दे."

"टायरपर्यंत जात असशील ना नीट?"

"जात होते," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

घरी आली तेव्हा तातेराव कामावर निघाले होते. त्यांनी तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि सायकल बाहेर काढली. दारातून म्हणाले, "मुबारकला सांगून ठेव, सोमवारी टेम्पो आणून हे घेऊन जा म्हणावं. पाहुणे येतेत, अंगण मोकळं पायजे."

रविवारी दुपारी संध्यानं जीपची दोन्ही टायरं उतरवून बाजूला फेकली. गजाला तेच वजन लावलं. खाली गेली. सवयीच्या जागेच्या पुढं गेली, आणि हॉलमध्ये झालं तेच झालं. ड्रम खालच्या टायरांवर टेकले. ह्या वेळी गज मानेवर आला नाही, पाठीवरच राहिला. पुढं सरकून ती सहज बाहेर निघू शकली असती. निघाली नाही. गजाखाली टाचांवर बसून राहिली.

प्रभावती भांड्यांची पाटी घेऊन आली. तिच्यासमोर उकिडवी बसली आणि राखेनं तवा घासायला लागली.

"अशीच बसायची व्हतीस का तिथं?"

"व्हय."

"एवढंच?"

"एवढंच."

प्रभावतीनं तवा उलटा केला. "मंग आमाला कामून कुणी दिलं न्हाई मेडल?" ती म्हणाली. थट्टेनं म्हणाली असावी. दोघींपैकी कुणी हसलं नाही.

धम्मपाल आला तेव्हा अंगणात जीपची टायरं आडवी पडलेली होती. त्यानं त्यांच्याकडं पाहिलं. मग दोन्ही बाजूंच्या खुज्या झालेल्या थरांकडं, मग त्यांच्या मधे बसलेल्या बहिणीकडं. पिशवी खाली ठेवून तो जवळ आला. आधी जिथवर टायर होतं तिथपासून ड्रम आता टेकला होता तिथपर्यंत त्यानं वीत लावली. भट्टीनं भाजलेली वीत. अंतर बरोबर तेवढंच भरलं.

"वजन जास्त झालं म्हणलीस तू," तो म्हणाला.

"व्हय."

"खोटं बोललीस."

प्रभावती पाटी उचलून आत गेली.

"मीच ठिवलं हे," धम्मपाल म्हणाला. "मला वाटलं, मरशील."

"म्हाईत हाये मला."

"आता?"

"आता काय. सोमवारी टेम्पो येतोय."

तो तिच्या मागं गेला. वाकून त्यानं गजाखाली दोन्ही हात घातले, खेळातली माणसं धरतात तसे.

"धरलंय मी," तो म्हणाला. "ऊठ."

आता धरून काय करतोस, असं ती म्हणाली नाही. उठलीही नाही.

"बसू दे थोडं," ती म्हणाली.

तो तसाच वाकून धरून राहिला.