रिकामी सोडलेली दोरी

मी धनुष्य बोलतोय. जरा हळूच बोलतोय, कारण माझ्या वरच्या पात्याला तडा गेलाय आणि मोठा आवाज आता मला सोसत नाही.

धनुष्य म्हटलं की तुम्ही लगेच सोनेरी कागद लावलेलं, स्नेहसंमेलनातलं लाकडी धनुष्य डोळ्यांपुढे आणाल. मी तसा नाही. माझा जन्म कारखान्यातला. मधे हातात धरायची धातूची मूठ, वर आणि खाली वाकणारी दोन पाती, टोकांना दोन चाकं आणि त्यांवरून फिरणारी दोरी. माझी सगळी ताकद पात्यांत साठते. दोरी सुटली की ती ताकद बाण घेऊन जातो. बाण नसला तर ती जाणार कुठे? माझ्याच अंगात शिरते. एवढं एक वाक्य या घरात सगळ्यांना ठाऊक असतं, तर पुढचं काही घडलं नसतं.

मला विकत घेतलं संजीवने. या परदेशी शहराच्या व्यापारी भागात, रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत तो धोके मोजण्याचं काम करतो. कुठे काय बिघडेल याच्या लाल-पिवळ्या-हिरव्या याद्या करण्यात त्याचा जन्म चाललाय. घर दूर उपनगरात, चोआ चू कांगला. माझी जागा बाँब शेल्टरमध्ये. इथल्या बहुतेक फ्लॅटांत अशी जाड भिंतींची, लोखंडी दाराची एक खोली असते. युद्ध काही अजून आलेलं नाही, म्हणून लोक तिथे बॅगा, पंखे आणि तांदळाचं पोतं ठेवतात. मी पोत्याशेजारी.

आठवड्यातून तीनदा संजीव मला तिरंदाजीच्या रेंजवर न्यायचा. सपाट जमीन, वर छप्पर, समोर कागदाचं वर्तुळ. मी सुखात होतो. कागदाला रक्त नसतं.

मग विश्वासचा फोन आला. विश्वास म्हणजे संजीवचा कॉलेजातला मित्र, आता कोलोरॅडोत राहतो. "पुढच्या वर्षी ये, एल्कच्या शिकारीला जाऊ," म्हणाला. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोराड भाऊ, घोड्याएवढा.

"पण आधी ठरव," विश्वासने बजावलं. "बाणाचा मोसम सप्टेंबरात, रायफलचा ऑक्टोबरात. परवान्याच्या अर्जात एकच लिहायचं. रायफल असली तर दोनशे पावलांवरून जमतं. बाण असेल तर तीस पावलांपर्यंत जावं लागतं, आणि नेम चुकला तर जखमी जनावर कुठल्या कुठे जाऊन पडतं. मग दिवसभर शोधत फिर."

त्या दिवसापासून मी घाबरलो. तरी तेव्हाची माझी भीती साधी होती. मला निवडलं तर एका जिवाचं काय होईल, आणि नाही निवडलं तर पोत्याशेजारी माझं काय होईल, एवढीच.

खरी भीती खंडेनवमीला आली.

संजीवची बायको शुभा दर वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरातली हत्यारं पूजते. हत्यारं म्हणजे सुऱ्या, कात्री, स्क्रू-ड्रायव्हर, संजीवचा लॅपटॉप आणि मी. तिने मला पाटावर ठेवलं, हळदीकुंकू लावलं आणि बाण उचलून कपाटात टाकले. "आज यांना विश्रांती. आज चालवायचं नाही हं," ती म्हणाली. संजीव पाहुण्यांना आणायला एमआरटी मेट्रोच्या स्टेशनवर गेला होता. घरात होता त्यांचा मुलगा वेदांत, वय एकोणीस, नॅशनल सर्व्हिसमधून, म्हणजे इथल्या सक्तीच्या सैन्यसेवेतून, सुट्टीवर आलेला.

"लहानपणी आम्ही कीर्तनात ऐकायचो," शुभा त्याला म्हणाली, "दोरी ओढून सोडली की असा टणत्कार व्हायचा की शत्रू थरथर कापायचे." आणि ती श्रीखंड बघायला आत गेली.

वेदांतने मला उचललं. त्याला हत्याराची शिस्त होती, हे मी मान्य करतो. सैन्यात त्याला शिकवलं होतं, आधी रायफल रिकामी आहे का बघ, मग चाप ओढून खात्री कर. रिकामं हत्यार म्हणजे निर्धोक, हे त्याच्या हाडीमाशी भिनलं होतं. त्याने बाण नाही हे नीट पाहिलं, दोरी कानापर्यंत ओढली आणि सोडली.

रायफल रिकामी असते तेव्हा निरुपद्रवी. मी रिकामा असतो तेव्हा सगळ्यांत वाईट.

टणत्कार झाला नाही. काठी मोडल्यासारखा कोरडा आवाज झाला आणि माझ्या पात्यात आतल्या आत काहीतरी फाटलं. "काय रे पडलं?" शुभाने आतून विचारलं.

"नथिंग, आई."

त्याने मला पाटावर परत ठेवलं. वरून काहीच दिसत नव्हतं. पण त्याच सुट्टीत एका रात्री तो शेल्टरमध्ये आला, फोनवर काहीतरी वाचत माझ्या पात्यावरून बोट फिरवत राहिला, आणि त्याचा चेहरा उतरला. त्याला कळलं होतं. तडकलेलं पातं पूर्ण ताणात फुटलं, तर तुकडे ओढणाऱ्याच्या तोंडावर येतात.

तो बोलला नाही. मला तर त्यांच्याशी बोलताच येत नाही.

पुढचे पाच महिने संजीव मला ओढत राहिला. दर बाणाला तडा सुईच्या टोकाएवढा पुढे सरकायचा. त्याचा गाल माझ्या दोरीला टेकलेला, डावा डोळा मिटलेला, उजवा उघडा. मी त्या उघड्या डोळ्याकडे बघायचो आणि अंग आवळून धरायचो. आज नको. एवढा एक बाण जाऊ दे. मला दुसरा विचारच सुचत नसे.

सुट्टीला आला की वेदांत जेवताना इथल्या पोरांच्या बोलीत विषय काढायचा.

"बाबा, रायफलच घे लाह. बो इज सो लेचेह, नुसता ताप."

"का रे कटकट? मला धनुष्याची सवय आहे. रायफल मी जन्मात हातात धरलेली नाही."

"मी शिकवतो ना. कॅन वन, जमेल."

"तुला बाबा म्हातारा वाटतो, होय ना?" संजीव हसायचा. वेदांत मान खाली घालून वरण ओरपायचा. मला त्याचा राग यायचा आणि कीवही यायची. एक खोटं लपवायला पोरगा किती खरं बोलत होता.

गुढीपाडवा रविवारी आला. अर्जाची मुदत संपत आली होती, आणि मुहूर्त सोडून अर्ज भरेल तर तो संजीव कसला. लॅपटॉपवर अर्ज उघडा होता. एक चौकोन धनुष्याचा, एक रायफलचा. "धनुष्यच," संजीव म्हणाला. "आधी विश्वासला एक फोटो पाठवू. वेदांत, फोन घे."

शुभाने मला हळदीकुंकू लावलं. कुंकू जरा सांडलं, म्हणून वातींच्या कापसाने तिने पातं पुसलं. "इथे कापूस अडकतोय बघ," ती म्हणाली. "काहीतरी खरखरीत लागतंय."

"नंतर बघतो." संजीव उभा राहिला. बाण न लावता त्याने मला ओढलं. तो जाणता होता, सोडणार नव्हता, फोटो झाला की दोरी सावकाश परत नेणार होता. पण माझ्यात आता तेवढं सोसायचंही बळ उरलं नव्हतं.

वेदांतने फोन डोळ्यांसमोर धरला. पात्याच्या कडेवर कापसाचा एक धागा ताठ उभा होता. फटीत धरलेला.

फोन खाली आला.

"बाबा, हलू नको." त्याचा आवाज चिरकला होता. "तोंड बाजूला घे. दोरी हळू पुढे ने. प्लीज. पातं तडकलंय. मीच केलंय."

संजीवने लगेच मान वळवली आणि दोरी इंच इंच पुढे नेऊ लागला. अर्ध्यावर माझी चाकं फिरतात आणि सगळा ताण एकदम हाताला बसतो. त्याचे दंड थरथरले. तडा करकरला. शुभाने पदर तोंडात कोंबला. मी आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो, आणि इतका घट्टही कधी राहिलो नव्हतो.

दोरी जागेवर आली. संजीवने मला पाटावर ठेवलं आणि खालीच बसला.

"कधीपासून माहीत होतं?"

"दसऱ्यापासून."

"पाच महिने मी हे डोळ्याला लावत होतो, वेदांत."

"आय नो, बाबा. मला झोप लागायची नाही."

"मग बोलला का नाहीस?"

"तू रागावशील म्हणून."

संजीवने तडकलेल्या पात्यावरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाला, "रागावलो असतोच. आताही रागावलोय." आणि त्याने पोराचं डोकं छातीशी ओढून धरलं.

अर्ज संध्याकाळी गेला. चौकोन रायफलचा. शिकवणार वेदांत, आणि बरोबर जाणारही तोच.

मी आता पोत्याशेजारी आहे. माझे स्क्रू ढिले केलेत, दोरी सैल लोंबते. मुठीवर वेदांतच्या अक्षरातली पट्टी आहे, 'ओढू नये'. नवी पाती मागवू म्हणतात, कधी ते ठाऊक नाही. मला त्याची घाई नाही. लोखंडी दार लागतं तेव्हा दचकायला होतं, एवढंच.

माझं मागणं थोडं आहे. कुणी कौतुकाने टणत्कार ऐकव म्हणालं, तर नाही म्हणा. आणि घरात कुणाच्या हातून काही मोडलं असेल, तर त्याला त्याच दिवशी सांगता येईल इतपत तुमचा राग मऊ ठेवा. त्या पाच महिन्यांत या घरात घाबरलेले आम्ही दोघे होतो. तोंड मात्र एकालाच होतं.