सरळ लावलेला सिनेमा

हान ओकरान कोरियातल्या सोलहून मोकपो बंदराला निघाली ती हक्काचं मागायला. अडीच तासांच्या प्रवासात तिने पर्स एकदाही मांडीवरून खाली ठेवली नाही. पर्समध्ये सत्तावीस वर्षांपूर्वीची निळी वही होती. ‘सात नंबरचा धक्का’ या सिनेमाच्या चौऱ्याण्णव प्रसंगांची उलटापालट त्या वहीत होती, तिच्या स्वतःच्या अक्षरात, तारखांसकट.

सिनेमा गाजला होता तो त्या उलटापालटीमुळेच. गोष्ट तशी चार ओळींची. नवरा समुद्रावरून परत येत नाही, बायको धक्क्यावर मासे साफ करत त्याची वर्षभर वाट बघते, आणि एके दिवशी वाट बघणं सोडते. पण पडद्यावर ती शेवटाकडून सुरू व्हायची, मधेच लग्नात शिरायची, तिथून भर थंडीत उडी मारायची. अभ्यासक त्याला ‘कू यांची काळाची वीण’ म्हणत. कू म्हणजे दिग्दर्शक कू बोंचल. वीण घातली होती ओकरानने, संकलनाच्या टेबलावर अकरा दिवस मान मोडून. कूने मात्र प्रत्येक मुलाखतीत ‘मला ते स्वप्नात दिसलं’ असंच सांगितलं. मागच्या हिवाळ्यात तो वारला तेव्हाही वर्तमानपत्रांनी ते मेलं स्वप्नच छापलं. ओकरान त्याच्या अंत्यदर्शनाला गेली, तिथे आलेल्यांना वाढतात तो तिखट रस्सा पोटभर जेवली आणि स्वतःवरच चिडून घरी आली.

आता मोकपोतलं एक छोटं चित्रपटगृह चालवणाऱ्या दाबिन नावाच्या मुलीने तोच सिनेमा कापून सरळ लावला होता. पहिलं पहिल्यांदा, शेवटचं शेवटी. शनिवारी दुपारी दोनला खेळ, नंतर गप्पा, आणि त्यासाठी ओकरानला बोलावणं. ओकरान मनातून खूश झाली. सरळ लावलेला सिनेमा बेचव होणार, म्हणजे माझ्या हाताने काय केलं होतं ते आंधळ्यालाही दिसणार, आणि मग मी वही काढणार. साठी उलटून आठ वर्षं झाली होती. आता नाही तर कधी?

“या बाई, या,” दाबिनने दारातच कमरेत वाकून स्वागत केलं. “आणि एक गंमत सांगते. हेवॉन मॅडमही आल्यात. त्यांचं इथेच पेजेचं दुकान आहे. किती वर्षं मागे लागले होते, आज तयार झाल्या.”

पहिल्या रांगेत नायिका बसली होती. तक हेवॉन. जाड कोट, आखूड कापलेले करडे केस. भोवती बाजारातल्या दहा-बारा बायका, जत्रेला आल्यासारख्या बोलत होत्या. ओकरान मुकाट मागच्या रांगेत जाऊन बसली.

खरं तर दोघींची ओळख नावापुरतीच होती. संकलन करणाऱ्याने चित्रीकरणाकडे फिरकायचं नाही, नटांशी सलगी करायची नाही, नाहीतर कात्री अडखळते, असं ओकरानच्या गुरूचं सांगणं. मुहूर्ताला तेवढी ती गेली होती. रिवाजाप्रमाणे पूजेला डुकराचं डोकं मांडलेलं, समोर भाताच्या वड्या, आणि कूने तीनदा जमिनीला कपाळ टेकून शपथ घेतली होती, की हा सिनेमा गोष्टीच्या क्रमानेच चित्रित करीन. खर्च वाढणार म्हणून निर्मात्याचा चेहरा पडला होता. हेवॉन मात्र लहान मुलीसारखी हसली होती. तेव्हा तिचे गाल चांगले गुबगुबीत होते.

दिवे गेले. ते गुबगुबीत गाल पडद्यावर आले. हेवॉन मासे चिरता चिरता अखंड बडबडत होती, नवऱ्याच्या अंगावर माशाची आतडी फेकत होती. बाजारातल्या बायका खिदळल्या. ओकरान हाताची घडी घालून बसली. बघू, मनात म्हणाली, किती वेळ टिकतंय हे.

नवरा गेला. हेवॉनची बडबड निम्म्यावर आली. बोटीचा भोंगा वाजला की तिची सुरी थांबायची, मान वळायची, मग सुरी पुन्हा चालायची. महिने सरत गेले तसे गाल आत गेले, मनगटाची हाडं वर आली. तीन महिन्यांच्या चित्रीकरणात ती रोज घासभर कमी जेवत गेली होती. भोंगा वाजला की मान वळेनाशी झाली, फक्त सुरी थांबायची. मग अगदी निमिषभर थांबायची. आणि एका सकाळी भोंगा वाजला आणि सुरी थांबलीच नाही.

बस, एवढंच. चित्रपटगृहात कुणीतरी हुंदका दिला.

ओकरानच्या सिनेमात हा प्रसंग आठव्या मिनिटाला होता. तिथे ना कुणाला नवरा ठाऊक होता, ना भोंगा. एक बाई मासे चिरते आहे, एवढंच लोकांना दिसलं होतं.

आणि ओकरानला हे माहीत होतं, फक्त इतकी वर्षं तिने ते स्वतःशीही कबूल केलं नव्हतं. सत्तावीस वर्षांपूर्वी टेबलावर तिने हा सिनेमा असाच, सरळ, पाहिला होता. एकटीच ढसाढसा रडली होती. कूला दाखवला तेव्हा तो म्हणाला, “लोक बाहेर पडतील ते तिच्याबद्दल बोलत. यात तू आणि मी कुठे आहोत?”

त्यातला ‘तू’ ओकरानला झोंबला होता. कूने एवढंच म्हटलं होतं. ‘मोडून टाकू’ हे तिचे शब्द. मग अकरा दिवस तिने तो चेहरा तुकड्यातुकड्याने इकडचा तिकडे केला. एका प्रसंगात गाल, पुढच्यात हाडं, त्याच्या पुढे पुन्हा गाल. सिनेमाला बक्षिसं मिळाली. हेवॉनबद्दल एका समीक्षकाने लिहिलं, ‘या नटीला कालचा चेहरा आज सापडत नाही.’ पुढे तिला कुणी काम दिलं नाही. ओकरानने ते वाचलं होतं. हेवॉनला एक फोन करायला किती वेळ लागतो? तिने केला नव्हता.

दिवे लागले. दाबिनने ध्वनिक्षेपक आधी हेवॉनच्या हातात दिला.

“मी हे असं सरळ आज पहिल्यांदा बघतेय,” हेवॉन म्हणाली आणि अडखळली. “पेपरात आलं होतं ना, कालचा चेहरा सापडत नाही म्हणून. मला ते खरंच वाटलं होतं. म्हटलं, आपल्याला येतच नव्हतं काही. उगाच उपाशी राहिलो.”

“अगं पण कुणी केली ही माती?” मागून बाजारातली एक बाई कडाडली. “चांगल्या पोरीचं वाटोळं केलं! हात झडोत मेल्याचे!”

लोक हसले. दाबिनही हसत ओकरानकडे वळली. “बाई, हे तुम्हीच सांगू शकाल. ती मोडतोड कुणाची कल्पना? कू साहेबांची, की संकलनात झाली?”

याच प्रश्नासाठी ती इतकी वर्षं जगली होती. उत्तर पाठ होतं. पुरावा मांडीवर होता. सगळी तोंडं तिच्याकडे वळली, हेवॉनचंही.

“कू साहेबांची,” ओकरान म्हणाली. “त्यांना स्वप्नात दिसलं होतं. मी आपली हुकमाची ताबेदार.”

गप्पा आटोपल्या. ओकरान घाईने दाराशी पोचली, तेवढ्यात हेवॉनने तिला गाठलं. हातात फडक्यात बांधलेला गरम डबा होता.

“ताई, आमच्या दुकानातली पेज आहे. गाडीत खा.” मग ती खाली बघत म्हणाली, “एक मनात आहे, बोलूनच टाकते. कुणीतरी मला तेव्हा सांगितलं होतं की हे सगळं तुम्ही केलंत. मी इतकी वर्षं रोज पेज ढवळताना तुम्हाला शिव्या घातल्यात, ताई. तोंड भरून. तुमचा काही दोष नसताना. मला माफ करा.”

आणि ती भर दारात, सगळ्यांसमोर, कमरेतून खाली वाकली. वर येईना.

ओकरानने पर्स काखेत घट्ट दाबली आणि डबा दोन्ही हातांनी घेतला.

“ऊठ गं,” ती म्हणाली. “मी माफ केलं.”